पावकी, पाऊणकी आणि पॅच कॉर्ड

पहाटे पावणेपाच

नवतपा लागला की नागपूरजवळच्या आमच्या बेसात झोप लागते ती पहाटेच, आणि मला नेमकं तेव्हाच उठायचं असतं. रात्रभर गच्ची भट्टीसारखी तापलेली, कूलरच्या टाकीतलं पाणी तीनलाच संपलेलं, मुलगी ओल्या चादरीवर आडवी. मी ओट्याशी स्टूल ओढतो आणि मोबाइलच्या उजेडात वही उघडतो. मोठा दिवा लावला तर बाबा जागे होतात. ते तसेही जागेच असतात.

माझं वय चौतीस. आयटीआयला कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्सचा एक वर्षाचा ट्रेड केला आणि तेव्हापासून अकरा वर्षं लोकांच्या घरी इंटरनेट लावून देतोय. सध्या सीसीएनएची तयारी चाललीय. सिस्कोची ही परीक्षा १९९८ पासूनची. नेटवर्कच्या नोकरीला गेलं की पहिल्याच टेबलावर विचारतात, सीसीएनए झालं का? याच्या खालची एक पायरी होती, सीसेंट नावाची, ती फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झाली. आता सीसीएसटी म्हणून पन्नास मिनिटांची छोटी परीक्षा निघाली आहे. मी तीच द्यायची म्हणत होतो, पण क्लासचे सर म्हणाले, "तू खांबावर चढलेला माणूस आहेस, सरळ मोठी दे." फी ३०० डॉलर. कर धरून तीस हजारांच्या घरात जाते, म्हणजे माझा दीड महिन्याचा पगार. नापास झालो तर परत तेवढेच.

म्हणून पहाट. या वेळी सबनेटिंग करतो, कारण दिवस चढला की डोक्यात आकडे राहत नाहीत.

बेसात राहणाऱ्याला आयपी पत्ता समजावणं सोपं आहे. आमच्याकडे पत्ता म्हणजे लेआउटचं नाव आणि प्लॉट नंबर. आयपी पत्त्यातही तेच असतं, फक्त दोन्ही एकाच ओळीत आकड्यांनी लिहिलेले असतात आणि लेआउट कुठे संपलं, प्लॉट कुठून सुरू झाला ते सांगायला सोबत मास्क लागतो. दोनशे छप्पन्न प्लॉटांचं एक लेआउट आहे, त्याचे चार सारखे तुकडे करा, हा पेपरातला आवडता प्रश्न. प्रत्येक तुकड्यात चौसष्ट. त्यातला पहिला नंबर तुकड्याच्या नावाच्या पाटीला जातो, शेवटचा सगळ्यांना एकदम हाळी द्यायला राखून ठेवायचा, उरले बासष्ट. मास्कचा शेवटचा आकडा १९२. हे सगळं मला येतं, पण हळू येतं. परीक्षेत १२० मिनिटं असतात आणि सोडून दिलेल्या प्रश्नाकडे परत वळता येत नाही.

"काय पुटपुटून राहिला रे?" अंधारातून बाबा.

"दोनशे छप्पन्नाचे चार भाग करून राहिलो."

"पावकी. चौसष्ट."

मी पेन खाली ठेवला. "अन् चारातले तीन?"

"पाऊणकी. एकशे ब्याण्णव." मग थोडं थांबून, "काहून, जुन्या रुपयाचा हिशेब करून राहिला का तू?"

बाबांनी पंच्याहत्तरी ओलांडलीय. उमरेडकडच्या गावातल्या मराठी शाळेत गुरुजींनी छडी घेऊन पावकी, निमकी, पाऊणकी घोटून घेतलेली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, शंभराचा रुपया झाला, पण गुरुजींनी जुने पाढे काही सोडले नाहीत. त्याआधी रुपयाचे सोळा आणे. आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट. पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव. माझ्या वहीतले दोन्ही आकडे बाबांच्या रुपयात आधीपासून होते. योगायोगच, दुसरं काय. पण अर्ध्यात अर्धं करत जायचं ही रीत दोन्हीकडे एकच. दोनशे छप्पन्नाची निमकी १२८, पावकी ६४. निमकीचा मास्क १२८, पावकीचा १९२. मी दोन महिने युट्यूबवर जे शोधत होतो ते खाटेवर पडलं होतं.

मग साडेपाचपर्यंत आम्ही दोघंच. मी पत्ता सांगायचा, त्यांनी विभाग. "शेवटी १३०?" "तिसरा हिस्सा. एकशे अठ्ठावीस ते एकशे एक्क्याण्णव." आयपी म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

सकाळी आठ

बेसा चौकात चहा. कंपनीच्या ग्रुपवर कम्प्लेंटी येऊन पडलेल्या असतात. आज सात आहेत. त्यातल्या पाच एकाच रस्त्याच्या, म्हणजे केबल तुटली. गिऱ्हाईक एवढंच सांगतं, "भाऊ, डब्ब्यावर लाल लाइट आहे." लाल लाइट म्हणजे प्रकाशच पोचत नाही. हे निदान मी चहाचा कप हातात धरून करतो.

आठ-दहा वर्षांपूर्वी इथे शेतं होती आणि मधे मधे लेआउटचे दगड. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, फ्लॅट स्कीमा उभ्या राहिल्या, मिहानमध्ये नोकरी करणारी पोरं भाड्याने आली. आधी नळ विचारायचे, आता नेट विचारतात. नळाचं उत्तर अजून टँकर आहे.

सकाळी साडेनऊ

घोगलीच्या बाजूला पाइपलाइनसाठी नाली खोदली आणि जेसीबीने आमची चोवीस कोअरची केबल उचलून दिली. उचलून दिली म्हणजे अक्षरशः. टोक कडुनिंबाच्या फांदीला लटकत होतं. जेसीबीवाला म्हणाला, "साहेब, मले वाटलं मूळ आहे."

सावली धरून गमछा अंथरला, मशीन मांडलं. काचेचा हा तंतू १२५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा, आणि प्रकाश चालतो तो त्याच्या पोटातल्या नऊ मायक्रॉनमधून. वरचं रंगीत कवच सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, क्लीव्हरने टोक सरळ कापायचं, दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. झाकण लावलं की स्क्रीनवर दोन जाड खांब एकमेकांकडे सरकताना दिसतात, ठिणगी पडते आणि खांब एक होतो. खाली आकडा येतो, ०.०२ डीबी. आकडा मोठा आला तर तोडून पुन्हा. निळा निळ्याला, नारिंगी नारिंगीला, असे बारा रंग, मग दुसऱ्या नळीतले पुन्हा बारा. या दिवसांत खरी अडचण घामाची. कपाळावरचा एक थेंब टोकावर पडला की सगळं पहिल्यापासून. मी कपाळाला बायकोची जुनी ओढणी बांधतो. लोक हसतात, हसू देत.

साडेबाराला शेवटचा तंतू जोडला. एका गिऱ्हाइकाच्या घरी मीटर लावला, उणे एकवीस. चांगलं आहे. उणे सत्तावीसच्या खाली गेलं की डब्बा आंधळा होतो.

या तीन तासांच्या कामावर सीसीएनएत जेमतेम एखाद-दुसरा प्रश्न येतो: सिंगल मोड कुठे, मल्टिमोड कुठे. अकरा वर्षांच्या हाताला एवढेच मार्क. सुरुवातीला याचा राग यायचा. पेपराला काचेचं काही पडलेलं नाही, काचेतून जे जातं त्याचं पडलेलं आहे, हे मला उशिरा कळलं.

दुपारी एक

डबा. पोळी, आलू-वांगं, कैरीचं पन्हं, आणि खिशातला कांदा. लू लागू नये म्हणून आई खिशात कांदा ठेवायची, आता बायको ठेवते. डॉक्टर हसतात, पण बाहेर पंचेचाळीस असताना कुणाशी वाद घालायचा? जेवताना मोबाइलवर सराव प्रश्न. दहातले सहा बरोबर. चुकलेल्या चारांतले तीन नेटवर्कमुळे नाही, इंग्रजीमुळे चुकले. 'योग्य ते दोन निवडा' असं असतं, मी एकच निवडतो. 'सर्वांत योग्य' असतं, मी पहिलं योग्य दिसलं की दाबतो. घाई हा फील्डवाल्याचा रोग आहे.

दुपारी सव्वातीन

आज लिहायला बसलो ते खरं या तासासाठी.

मनीष नगरकडच्या अंगाला एक स्कीम आहे, तीन विंग, खाली सोसायटीचं ऑफिस. फोन आला, "भाऊ, सगळंच बंद. कॅमेरे थिजले, नेट नाही, प्रिंटर नाही. डब्ब्यावर लाल लाइट पण नाही." लाल नाही म्हणजे बाहेरून सगळं ठीक, घोळ आतला.

ऑफिसात गेलो. भिंतीवर सोळा पोर्टांचा स्विच, आणि त्याचे सगळे दिवे एका तालात लुकलुकत होते. हे नीट सांगायला हवं. एरवी स्विचचे दिवे बाजारासारखे असतात, कुणी आत्ता, कुणी मग, ज्याचं काम त्याची लुकलुक. इथे सगळे एकदम चालू, एकदम बंद, इतके जलद की जवळजवळ स्थिर वाटावेत. लॅपटॉप लावला, राउटरचं पान उघडेना. पिंग पाठवला, दहातला एक परत आला.

मी असे दिवे आधी पाहिलेत. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका इमारतीत. तेव्हा मी काय केलं? बंद-चालू केलं, दोन मिनिटं बरं वाटलं, परत तेच. मग म्हणालो, स्विच उडाला. नवा आणला, अठराशेचा, गरजेच्या तारा लावल्या आणि सगळं चालू झालं. सेक्रेटरींनी चहा पाजला. जुना स्विच त्यांनी भंगारात दिला.

आज मी स्विचला हात लावला नाही. खुर्ची ओढून बसलो आणि तारा मोजल्या. अकरा तारा बाहेर जात होत्या. बारावी, पिवळी, हातभर लांबीची, पोर्ट सातमधून निघून वळसा घेऊन पोर्ट चौदात शिरत होती.

"काका, ही तार कोणी लावली?"

चौकीदार काका पुढे आले. "मीच लावली. झाडझूड करून राहिलो होतो, एक टोक लटकून होतं. इथं भोक खाली दिसलं. म्हटलं, बेवारस कशाले राहू द्यायची?"

पिवळी तार उपसली. दिव्यांचा ताल तुटला, पुन्हा बाजार झाला. भिंतीवरच्या पडद्यावर पार्किंगमधली मांजर एकदम चालायला लागली.

झालं होतं असं. नेटवर्कमधलं प्रत्येक यंत्र मधून मधून सगळ्यांना हाळी देतं, अमुक पत्ता कोणाचा रे? स्विच ती हाळी आलेलं दार सोडून बाकी सगळ्या दारांतून पुढे देतो. सातव्या दारातून गेलेली हाळी तारेने चौदाव्यात परत आली. स्विचला वाटलं, नवी हाळी आहे. त्याने पुन्हा सगळीकडे दिली. चौदाव्यातून गेलेली सातव्यात आली. आयपीच्या पाकिटावर निदान आयुष्य लिहिलेलं असतं, प्रत्येक राउटर त्यातून एक कमी करतो आणि शून्याला पाकीट फेकून देतो. स्विच ज्या फ्रेममध्ये माल हलवतो तिच्यावर असं काही लिहिलेलंच नसतं. तिला मरण नाही. एक हाळी हजारदा, लाखदा, तार उपसेपर्यंत.

यावरचा इलाज १९८५ मध्ये रेडिया पर्लमन नावाच्या बाईंनी काढला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये होत्या तेव्हा. स्विचांनी आपसांत बोलून एकाला मूळ मानायचं आणि त्याच्यापासून झाड आखायचं. झाडाच्या फांद्या पुन्हा एकमेकींना मिळत नाहीत, म्हणून वळसा नाही. जास्तीची तार असेल तर तिचं दार बंद ठेवायचं, मुख्य तुटली तरच उघडायचं. नाव स्पॅनिंग ट्री. बाईंनी त्यावर एक कविताही केली आणि ती आपल्या शोधनिबंधातच छापली. आमच्या सोसायट्यांत लागतात त्या स्वस्त स्विचांत हे झाड नसतं. त्यात फक्त दारं असतात.

हा धडा मी मागच्याच आठवड्यात वाचला होता. वाचताना दोन वर्षांपूर्वीची ती इमारत आठवली नव्हती. आज दिवे बघितले तेव्हा आठवली. त्या सोसायटीचे अठराशे रुपये मी फुकट घालवले होते. स्विच धडधाकट होता. नवा लावताना मी जास्तीची तार उचलून बाजूला ठेवली असणार, आणि बरं झालं ते तेवढ्यानेच.

सेक्रेटरी मॅडमनी विचारलं, "काय खराब झालं होतं?"

"काही नाही. एक तार जास्त होती."

"बस? पैसे किती?"

मी नको म्हणालो. मोठेपणा नाही यात. कोणाचे तरी अठराशे माझ्या अंगावर होते, इतकंच. काकांना म्हटलं, लटकणारी तार दिसली तर लटकू द्या. ते म्हणाले, "बाप्पा! मी तर भलं करायले गेलो."

संध्याकाळी सात

क्लास चौकाजवळ, औषधांच्या दुकानाच्या वर. खसचा कूलर आणि सरांचे सेकंडहँड सिस्को स्विच यांच्यात कोण जास्त ओरडतो याची रोज शर्यत. नऊ जण आहोत. एक जण मिहानमधल्या हेल्पडेस्कवर रात्रपाळी करते, ती इथून परस्पर कामावर जाते. दोघं बीई झालेले. त्यांचं पाठ माझ्यापेक्षा लाख पटीने पक्कं आहे. ओएसआयचे सात थर झोपेत म्हणतात. पण परवा सरांनी आठ रंगीत तारा, आरजे-४५ आणि क्रिम्पिंग टूल हातात दिलं तर पांढरा-नारिंगी कुठला न् पांढरा-तपकिरी कुठला यात अर्धा तास गेला. मी मान खाली घालून हसलो. ते सबनेटिंगला हसतात, हिशेब बरोबर.

मी दुपारची गोष्ट सांगितली. सरांनी ठरलेला धडा बाजूला ठेवला. दोन स्विच घेतले, मधे एक तार लावली, मग मुद्दाम दुसरी. "बघा." पहिल्या तारेचा दिवा हिरवा. दुसरीच्या एका टोकाला हिरवा, दुसऱ्या टोकाला नारिंगी, आणि तो नारिंगीच राहिला. दार बंद. मग सरांनी पहिली तार खेचली. नारिंगी तसाच. कोणी बोलेना. कूलर तेवढा ओरडत होता. साधारण अर्ध्या मिनिटाने तो हिरवा झाला.

"या तीस सेकंदांत काय केलं त्याने?"

बीईवाल्याने सांगितलं: पंधरा सेकंद लिसनिंग, पंधरा सेकंद लर्निंग, मग फॉरवर्डिंग. आधी ऐकायचं, मग शिकायचं, मगच बोलायचं. आमच्या घरी, ऑफिसात आणि नगरपंचायतीतही हा नियम लागू करायला हरकत नाही.

उरलेल्या वेळात राउटिंग. सर नागपूरचेच, त्यामुळे झिरो माईल येणारच. सीताबर्डीजवळच्या त्या दगडावर जबलपूर, हैदराबाद, छिंदवाडा, शिवनी किती मैल ते कोरलेलं आहे. "अंतर आहे, पण वाट लिहिली आहे का? नाही. राउटरला अंतर एकट्याने पुरत नाही. त्याला पुढचा मुक्काम लागतो. जबलपूरचं पाकीट आलं तर तो पूर्ण रस्ता सांगत नाही. म्हणतो, कामठी रोडला लाग, पुढच्याला विचार." आणि दोघांनी दोन वाटा सांगितल्या तर कोणाचं ऐकायचं? त्याला आकडे आहेत, जितका आकडा लहान तितका भरवसा जास्त. स्वतःच्या दारात दिसतंय त्याला ०. आपण हाताने लिहून दिलेल्या वाटेला १. ओएसपीएफने सांगितलं तर ११०, रिपने सांगितलं तर १२०. मी वहीत माझ्या भाषेत लिहून घेतलं: डोळ्यांनी पाहिलं, घरच्याने सांगितलं, पानठेल्यावर ऐकलं, व्हॉट्सॲपवर आलं.

हेल्पडेस्कवाली जाता जाता म्हणाली, "भाऊ, मी तर अजून खरा स्विच उघडून नाही पाहिला. उद्या येऊ का तुमच्यासोबत फील्डवर?"

"दुपारी पंचेचाळीस असते."

"मग संध्याकाळी."

रात्री साडेदहा

घरी पॅकेट ट्रेसर. कॉम्प्युटरमध्येच राउटर मांडायचे, तारा ओढायच्या. घामाचा थेंब नाही, जेसीबी नाही. दोन राउटर एकमेकांना ओळखेनात. वीस मिनिटं ओएसपीएफमध्ये चूक शोधली, एरिया तपासला, मास्क तपासला. मग 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' दिलं तर इंटरफेस बंदच होता. राउटरचं दार कंपनीतून बंद येतं, 'नो शटडाऊन' म्हणून उघडावं लागतं. दिवसभर लोकांना "आधी स्विच ऑन आहे का बघा" म्हणणारा मी.

तारीख अजून घेतलेली नाही. घरून ऑनलाइनही परीक्षा देता येते, पण खोलीत दुसरं कोणी येता कामा नये. दोन खोल्यांचं घर, त्यात बाबा, त्यात पाहुणे. तीस हजारांचा पेपर मी "चहा घेतो का रे" वर घालवणार नाही. सेंटरवरच जाईन. बायको म्हणते, पावसाळ्याआधी देऊन टाका, पावसात तुमच्या कम्प्लेंटी दुप्पट होतात. तिचं बरोबर आहे, विजा कडाडल्या की डब्बे मरतात. म्हणजे हाताशी पंधरा दिवस.

वहीच्या मागच्या पानावर दोन वर्षांपूर्वीच्या त्या इमारतीचं नाव लिहून ठेवलं. खाली १८०० लिहिलं. जाऊन काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून पुढे काही लिहिलं नाही.

दिवा घालवला. कूलरची टाकी भरली. बाबा जागेच.

"काय रे, ते पावकी, निमकी, पाऊणकी लागते म्हणते तुझ्या परीक्षेत."

"हो, लागते."

"अन् दिडकी, अडीचकी?"

"ती नाही लागत, बाबा."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग कुशीवर वळत म्हणाले, "मग अर्धंच शिकून राहिला तू."